माउंट व्हर्ननला जाताय? आधी उतार उतरा, मग घर बघा

वॉशिंग्टन डीसीच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरात उन्हाळ्यात आई-बाबा आले की दोन कार्यक्रम ठरलेले असतात. एक नॅशनल मॉल, म्हणजे स्मारकांचं मोठं मैदान, दुसरा जॉर्ज वॉशिंग्टनचं घर. मी आतापर्यंत पाच वेळा पाहुण्यांना घेऊन माउंट व्हर्ननला गेले आहे. पहिल्या खेपेला घाईघाईत मोबाइलवर ‘प्रवेश’ असं दिसलं ते तिकीट काढलं आणि फाटकातून आत गेल्यावर कळलं की घराच्या आत जायला वेळ ठरवून वेगळं तिकीट लागतं. त्या दिवशीच्या सगळ्या वेळा भरलेल्या होत्या. सासरे नदीकडच्या ओसरीवर खुर्ची ओढून अर्धा तास बसले आणि परतताना म्हणाले, “कुलूप लावून गावाला गेलेल्या माणसाच्या अंगणात बसून आलो.”

तिसऱ्या खेपेला आत्या बरोबर होती. गाडीतून उतरल्या उतरल्या तिने विचारलं, “समाधी कुठंय?” तोवर मी दर वेळी घर आधी दाखवायचे. उतारावरची दफनभूमी शेवटी, पाय दुखायला लागल्यावर, ‘जमलं तर’ या यादीत असायची. त्या दिवशी आत्याच्या हट्टामुळे क्रम उलटा झाला आणि तोच बरोबर निघाला. खाली जे लिहिलंय ते त्या उलट्या क्रमाने.

१. तिकीट: दोन गोष्टी एकच समजू नका

आवारात फिरण्याचं तिकीट वेगळं आणि घराच्या आतली फेरी वेगळी. आवाराच्या तिकिटात बागा, शेत, संग्रहालय, नदीचा धक्का, वॉशिंग्टनची कबर आणि गुलामांची दफनभूमी हे सगळं येतं. घराच्या फेरीला मात्र ठरावीक वेळ निवडावी लागते. दोन्ही एकदमच, माउंट व्हर्ननच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढा. शनिवार-रविवारी, सुट्टीच्या दिवशी आणि वसंतात शाळांच्या सहली सुरू झाल्या की या वेळा भराभर संपतात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास घेऊन जाणं. तो इथे चालत नाही, कारण ही जागा सरकारची नाहीच. १८५३ मध्ये दक्षिण कॅरोलायनातली एक बाई रात्री बोटीतून पोटोमॅक नदीवरून चालली होती. वॉशिंग्टनच्या घराची पडझड पाहून तिने मुलीला पत्र लिहिलं. त्या मुलीने, ॲन पामेला कनिंगहॅमने, बायकांची संस्था उभी केली, वर्गणी गोळा केली आणि १८५८ मध्ये वॉशिंग्टनच्या भावाच्या वंशजाकडून घर आणि भोवतालची २०० एकर जमीन २ लाख डॉलरला विकत घेण्याचा करार केला. ज्या काळात बायकांना मत देता येत नव्हतं, त्या काळात. तीच माउंट व्हर्नन लेडीज असोसिएशन आजही ही जागा चालवते. त्यामुळे तिकिटाचे पैसे थेट घराच्या डागडुजीला जातात, असं मी बाबांना सांगते, म्हणजे ते डॉलरचे रुपये करत बसत नाहीत.

घराच्या दुरुस्तीचं मोठं काम अलीकडे झालं आहे आणि अशा जुन्या वास्तूत काही ना काही चालूच असतं. तिकीट काढताना कोणत्या खोल्या उघड्या आहेत ते त्याच पानावर वाचून घ्या.

२. पोचायचं कसं

डीसीपासून दक्षिणेला साधारण १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर. गाडी असेल तर जॉर्ज वॉशिंग्टन मेमोरियल पार्कवे धरा. हा रस्ता नदीकाठाने जातो आणि थेट फाटकाशीच संपतो. पार्किंगला पैसे पडत नाहीत. गाडी नसेल तर मेट्रोच्या यलो लाइनने हंटिंग्टनला उतरून फेअरफॅक्स कनेक्टरची बस. बसचं वेळापत्रक आदल्या रात्री पाहा, रविवारी तर नक्कीच, कारण बस चुकली तर पुढचीची वाट बघण्यात सकाळ जाते. उन्हाळ्याच्या हंगामात बोटही असते. बोटीतून घर जसं दिसतं तसं रस्त्याने कधीच दिसत नाही, पण बोटीच्या वेळेला बांधलेले राहता आणि परतीच्या घाईत नेमकी दफनभूमी राहून जाते. पहिल्या भेटीला बोट नको, असं माझं मत.

३. बरोबर काय घ्यायचं

– तिकीट फोनमध्ये उतरवून घेतलेलं. फोनची बॅटरी संपणाऱ्यांनी छापील प्रतही ठेवावी.
– रोजच्या वापरातले बूट. खडीच्या वाटा आणि उतार आहे. नवी सँडल घालून आलेल्या वहिनींनी निम्मा दिवस बाकावर काढला होता.
– पाण्याची बाटली, टोपी, छत्री. व्हर्जिनियाचा जुलै म्हणजे आपला मे महिना, त्यात मुंबईचा दमटपणा.
– डास आणि किडे पळवणारं मलम. दफनभूमी झाडीत आहे.
– आई-बाबांची दुपारची गोळी. गाडीत ठेवली तर परत वर-खाली करावं लागतं.
– पाठीवरची मोठी सॅक आणू नका. घरातले जिने अरुंद आहेत आणि दोन्ही बाजूंना दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या वस्तू आहेत.

४. दिवसाचा क्रम

फाटक उघडायच्या सुमारास पोचा. घराची फेरी साडेअकरा-बाराच्या आसपासची घ्या आणि तोवर खाली उतरा. सगळी गर्दी आधी घराच्या रांगेत जाते, त्यामुळे सकाळी दफनभूमीत जवळजवळ कोणी नसतं. ऊन चढायच्या आत उतार उतरून चढूनही होतो. ज्येष्ठांना चढण जमणार नसेल तर फाटकाशी चौकशी करा. काही महिने आवारात ने-आण करणारी गाडी असते. घरासमोरच्या हिरवळीवर रमू नका, तिथे परत यायचंच आहे.

५. जुनं दफनघर आणि नवी कबर

घराच्या दक्षिणेला वाट उतरत जाते. आधी जुनं दफनघर लागतं. टेकडीच्या पोटात विटांनी बांधलेलं, तळघरासारखं. वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ च्या रात्री घशाच्या दुखण्याने गेला. डॉक्टरांनी त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्याचं इतकं रक्त काढलं होतं की आज वाचताना अंगावर काटा येतो. आपल्याला चुकून जिवंतपणी पुरतील अशी धास्ती तेव्हा पुष्कळांना असे, त्यालाही होती. म्हणून मरण्याआधी त्याने बजावलं की तीन दिवस व्हायच्या आत मला दफनघरात ठेवू नका. १८ तारखेला त्याला इथे ठेवलं.

ही जागा चुकीची आहे, दुरुस्तीला आलेली आहे हे त्याने स्वतःच मृत्युपत्रात लिहिलं होतं आणि नवीन कबर कुठे बांधायची तेही नेमून दिलं होतं. तरी बांधायला १८३१ उजाडलं. आपल्याकडे वाटणीचे कागद करून ठेवलेल्या घरांतही असंच होतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

थोडं पुढे गेलं की नवी कबर. विटांची कमान, लोखंडी फाटक, आत संगमरवराच्या दोन पेट्या. उजवीकडची जॉर्जची, डावीकडची त्याची बायको मार्थाची. कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकेचं संसद भवन, पाहायला गेलात तर तिथेही तळघराखाली एक रिकामी कबर आहे. वॉशिंग्टनला तिथे आणून ठेवायचा काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, बेत होता. १८३२ मध्ये, त्याच्या जन्माला १०० वर्षं झाली तेव्हा, कुटुंबाने नकार दिला. ती कबर रिकामी राहिली आणि माणूस आपल्या शेतातच राहिला.

इथे रोज पुष्पचक्र वाहण्याचा छोटा कार्यक्रम असतो. वेळ फाटकाशीच विचारून ठेवा. लोखंडी दार तेव्हाच उघडतात. पाहुण्यांपैकी कोणाला पुष्पचक्र ठेवायला, कोणाला प्रार्थना वाचायला बोलावतात. लहान मुलं बरोबर असतील तर पुढे उभी करा. शेवटी अमेरिकेच्या झेंड्याची प्रतिज्ञा म्हणतात. आपण नागरिक नसलो तर म्हणायची गरज नाही, शांत उभं राहिलं की पुरे. बाबा मात्र दर वेळी सावधानमध्ये उभे राहतात.

स्वतःची फुलं आणून वाहू नका. फुलं, उदबत्ती, नाणी काही नाही. आत्याने फाटकापाशी बूट काढले, तेव्हा तिथल्या कर्मचारी बाईंनी काळजीने विचारलं की पायाला काही लागलं का. मी कारण सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या गटाला आत्याच्या मागे थोडं थांबवून ठेवलं.

६. नावं नसलेली दफनभूमी

कबरीवरून बहुतेक लोक डावी-उजवी न बघता माघारी वळतात. तुम्ही वळू नका. दीडशेएक फुटांवर झाडीत एक वाट जाते. माझ्या हिशेबाने या सगळ्या आवारात सर्वांत जास्त वेळ द्यायची जागा हीच.

१७९९ मध्ये वॉशिंग्टनने आपल्या शेतांवरच्या गुलामांची यादी केली. त्यात ३१७ माणसं होती. १२३ त्याच्या मालकीची, १५३ मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतली, बाकी बहुतेक भाड्याने आणलेली. मृत्युपत्रात त्याने स्वतःच्या मालकीच्या माणसांना मार्थानंतर मुक्त करा असं लिहिलं. मार्थाने तितकी वाट न बघता १ जानेवारी १८०१ रोजी त्यांना सोडलं. पण ते १५३ जण तिच्या पहिल्या सासरची मालमत्ता. त्यांना सोडायचा हक्क ना त्याला होता, ना तिला, आणि तिच्या मृत्यूनंतर ते नातवंडांमध्ये वाटले गेले. मधल्या काळात दोन्ही गटांत लग्नं झालेली होती. त्यामुळे एकाच घरात बाप मोकळा आणि आई-मुलं गुलाम, असं झालं. मुलांचं नशीब आईकडून ठरायचं. हे एवढं खाली येण्याआधी वाचून या, कारण इथे दगडावर हे काही लिहिलेलं नाही.

इथे दिसतात ती दोन स्मारकं. दोन्ही वाचा, आणि वर्षं बघत वाचा. पहिली १९२९ ची संगमरवरी लादी, जमिनीत बसवलेली. तिच्यावर वॉशिंग्टन कुटुंबाच्या ‘निष्ठावान सेवकांची’ आठवण आहे. दुसरं १९८३ चं, काळ्या लोकांच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी घडवलेलं. विटांची वर्तुळं, पायऱ्यांवर श्रद्धा, आशा आणि प्रेम हे तीन शब्द, आणि मध्ये अर्ध्यात तुटलेला राखाडी ग्रॅनाइटचा खांब, पुरं जगता न आलेल्या आयुष्याची खूण. त्याच्यावर ‘गुलाम’ हा शब्द आहे. सेवक ते गुलाम, या एका शब्दाला ५४ वर्षं लागली.

भोवतीची जमीन नुसती सपाट, पानांनी झाकलेली दिसते. ती मोकळी जागा नाही. २०१४ पासून पुरातत्त्वाचे लोक इथे काम करत आहेत. ते कोणाचीही हाडं उकरत नाहीत. वरचा मातीचा थर तेवढा हलक्या हाताने काढतात. पूर्वी खणून पुन्हा भरलेल्या मातीचा रंग वेगळा दिसतो, त्यावरून खड्ड्याची कड कळते. ती नोंदवायची आणि माती परत टाकायची. बहुतेक कबरी पूर्व-पश्चिम आहेत. काहींचे आकार पाहिल्यावर मूल होतं की मोठं माणूस हे सांगावं लागत नाही. काम चालू असताना गेलात तर दोरीच्या अलीकडून प्रश्न विचारा, ते आनंदाने सांगतात.

म्हणून इथले नियम जरा कडक पाळा. दोरी किंवा दगडाची कड ओलांडू नका. वाट सोडून फोटोसाठी झाडीत शिरू नका, पायाखाली कोणीतरी असतं. स्मारकाच्या पायरीवर बसून पाणी पिऊ नका. मुलं पळतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. काही महिने इथेही आदरांजलीचा कार्यक्रम होतो आणि त्यात गुलामीतल्या एखाद्या माणसाची हकिकत वाचली जाते. तो मिळाला तर सोडू नका.

पुरलेल्यांपैकी कोण कुठे हे माहीत नाही, पण एक नाव लक्षात ठेवा. विल्यम ली. तो वॉशिंग्टनचा खासगी नोकर होता, सबंध स्वातंत्र्ययुद्धात त्याच्या शेजारी घोड्यावर होता. मृत्युपत्रात लगेच मुक्त केलेला तो एकटाच, वर वर्षाला ३० डॉलरची नेमणूक. तो इथेच असावा असं मानलं जातं.

आत्या खांबापाशी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, “आपल्याकडं बी होत्याच की बटकी आणि कुणबिणी.” म्हणजे घरात राबणाऱ्या गुलाम बायका. ते खरं आहे. पेशव्यांच्या दफ्तरात त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. मी वाडे पुष्कळ पाहिले, पण एकाही वाड्यात त्यांच्यासाठी लादी बसवलेली मला दिसलेली नाही.

७. आता घर

वर या, पाणी प्या, फेरीच्या वेळेआधी पंधरा मिनिटं रांगेत लागा. उशीर झाला तर पुढच्या गटात घेतीलच याचा भरवसा नाही.

बाहेरच्या भिंतींकडे नीट बघा. दगडी वाटतात ना? लाकूड आहे. पाइनच्या फळ्यांच्या कडा तासून दगडाच्या चिऱ्यांसारख्या केल्या आणि ओल्या रंगावर वाळू मारली. खोटा दगड म्हणा हवं तर, पण हात लावून खात्री करू नका. मूळ घर जॉर्जच्या वडिलांनी १७३४ मध्ये बांधलं, दीड मजल्याचं. जॉर्जने १७५८ पासून ते दोनदा वाढवलं आणि दुसरं काम १७७४ ते १७८७ असं चाललं, निम्मा वेळ तर तो युद्धावर होता. म्हणून समोरच्या खिडक्या एका मापात बसत नाहीत. दार मध्ये नाही, हे एकदा लक्षात आलं की पुन्हा पुन्हा तेच दिसत राहतं.

आत फेरी भरभर पुढे सरकते. खोलीतलं सगळं बघायला जाल तर काहीच दिसणार नाही. माझी निवड सांगते. मधल्या दालनात पॅरिसमधल्या बॅस्टिलच्या तुरुंगाची किल्ली बघा, वॉशिंग्टनचा फ्रेंच मित्र लाफाएतने १७९० मध्ये पाठवलेली. वरच्या मजल्यावर ज्या पलंगावर वॉशिंग्टन गेला तो पलंग. त्याच्यानंतर मार्थाने ती खोली बंद केली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या लहानशा खोलीत राहायला गेली. ती खोली नेहमीच्या फेरीत नसते. आणि प्रत्येक खोलीत शेगडीकडे बघा. खाली जाऊन आल्यावर, एवढ्या शेगड्यांना पहाटे लाकूड कोण आणून घालत होतं हा प्रश्न आपोआप पडतो. माझ्या पहिल्या फेऱ्यांत तो कधी पडला नव्हता, तेव्हा मी पडद्यांचे रंग बघत होते.

वरचा मजला जिन्यानेच आहे. गुडघे दुखणाऱ्यांना आत शिरण्याआधीच मार्गदर्शकाला सांगू द्या, तळमजला पाहून त्यांना बाहेर पडता येतं. फोटोचा नियमही तिथेच विचारा. बाबागाडी बाहेर ठेवावी लागते.

८. उरलेली दुपार

नदीकडच्या ओसरीवर खुर्च्या असतील तर बसा. समोर पोटोमॅक आणि पलीकडचा मेरीलँडचा काठ अजून बराचसा झाडीचाच आहे, तो मुद्दाम तसा राखलेला आहे.

मग काचघराला लागून असलेली गुलामांची राहण्याची जागा. ती नव्याने उभारलेली आहे, पण फळ्यांचे मजल्यासारखे पलंग पाहून खालच्या दफनभूमीशी धागा जुळतो. संग्रहालय थंडगार आहे, म्हणून दुपारी दोननंतर ठेवा. खाणं फाटकाशी मिळतं, पण शाकाहारी मंडळींसाठी फार आशा धरू नका. आम्ही पोळीचे रोल गाडीत ठेवतो आणि पार्किंगजवळच खातो.

दारू गाळण्याची भट्टी आणि पिठाची चक्की तीनएक मैलांवर वेगळ्या जागी आहेत आणि वर्षभर उघड्या नसतात. १७९९ मध्ये या भट्टीतून जवळजवळ ११,००० गॅलन व्हिस्की निघाली होती, आणि ती काढण्याचं कामही गुलामच करत. सासऱ्यांना हे सांगितल्यावर त्यांना घरापेक्षा तिथेच जायचं होतं. ज्यांच्याबरोबर असे सासरे आहेत त्यांनी भट्टी उघडी आहे का ते निघण्याआधी बघावं, नाहीतर बंद दारापुढे फोटो काढून परत यावं लागतं. आमच्याकडे तसे दोन फोटो आहेत.